वस्तीत मानवी तस्करीवर जनजागृतीचा कार्यक्रम घ्यायचाय? नागपुरात हे असं जमते

३० जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिवस, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये ठरवलेला. आपल्याकडे त्या दिवशी काय होते तर सिव्हिल लाईन्समधल्या एखाद्या एसी हॉलमध्ये बॅनर लागते, दीपप्रज्वलन होते, तीन भाषणं, समोसा, ग्रुप फोटो, झालं. आणि ज्या बाईच्या पोरीला उद्या कोणी "सुरतला काम आहे, राहणं-खाणं फ्री" म्हणून घेऊन जाणार आहे ती बाई तेव्हा कोणाच्या तरी घरी भांडी घासून राहिली असते, तिला या दिवसाचा पत्ताच नसतो.

म्हणून हा कार्यक्रम हॉलमध्ये नाही, वस्तीत, शाळेत, वीटभट्टीवर कसा घ्यायचा ते लिहितो. मी विधी स्वयंसेवक म्हणून अशा शिबिरांना जात असतो, त्यामुळे काय चालते आणि काय पाण्यात जाते याचा थोडाफार अंदाज आहे.

आधी कायदा, कारण अर्ज त्याच्यावरच उभा राहतो

लोकं जनजागृतीचा कार्यक्रम मागायला जातात ते हात जोडून, साहेब कृपा करा म्हणत. काहून बावा? हे काम कायद्यात लिहिलेलं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम १०८ उघडा, त्यात केंद्र आणि प्रत्येक राज्य सरकारनं या कायद्यातल्या तरतुदी टीव्ही, रेडिओ, पेपर यातून वेळोवेळी लोकांपर्यंत, मुलांपर्यंत, आईबापांपर्यंत पोचवायच्या आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं असं सरळ म्हटलंय. पोक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा), त्याचं कलम ४३ जवळपास तेच सांगते. २०२० च्या पोक्सो नियमांमध्ये तर मुलांना वयानुसार समजेल असं शिकवायचं साहित्य तयार करायचं हे पण आहे. आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, त्याच्या कलम ४ मध्ये लोकांना कायद्याची माहिती देणं हे प्राधिकरणाचं काम धरलंय, कलम १२ मध्ये तस्करीत सापडलेल्या व्यक्तीला फुकट वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

आता गडबड कुठे आहे ते पण सांगतो. १०८ आणि ४३ ही दोन्ही कलमं मुलांच्या कायद्यांतली आहेत, म्हणजे अठराच्या आतले. मोठ्या माणसांच्या तस्करीबद्दल लोकांना सांगा असं इतकं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे पण तो धाड, सुटका, शिक्षा, सुधारगृह यातच फिरतो. सगळं एका जागी आणणारं विधेयक २०१८ ला लोकसभेत पास झालं होतं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. बाहेर काही ठिकाणी राज्यांनीच हे मनावर घेतलंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१२ च्या कायद्यानं बार, विमानतळ, बसस्टँड, दवाखान्याचा इमर्जन्सी विभाग अशा जागांवर मदतीच्या नंबरची सूचना लावणं सक्तीचं केलं आणि २०१७ च्या कायद्यानं सातवी ते बारावीच्या मुलांना शाळेतच हा विषय शिकवायचं ठरवलं. आणि अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही, बाजूच्या छत्तीसगडनं २०१३ मध्येच खाजगी प्लेसमेंट एजन्सींवर कायदा केला, एजन्सीला लायसन्स लागते. आपल्याला हे नागपुरात उपयोगी आहे, इतवारीला उतरणारी किती पोरं-पोरी तिकडून येतात पहा.

अर्ज कोणाला, कसा

एका पानाचा अर्ज पुरते. विषय असा लिहा: "बाल न्याय अधिनियम कलम १०८ व पोक्सो कलम ४३ नुसार अमुक वस्तीत जनजागृती कार्यक्रम घेण्याबाबत". कलमाचा नंबर विषयातच आला पाहिजे, खाली तिसऱ्या परिच्छेदात टाकला तर कोणी वाचत नाही. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. तारीख, शिक्का, सही. तोंडी "हो हो करू" याला काडीची किंमत नाही.

पहिली प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना, जिल्हा न्यायालयातच ऑफिस आहे. माझ्या मते इथूनच सुरुवात करावी, कारण शिबिरं घेणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे, वकील पण तेच देतात. दुसरी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना, जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्याच हाताखाली येतो. पोलीस पाहिजे असतील तर शहरात आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेत मानवी तस्करी प्रतिबंधक पथक आहे, आणि गावाकडचं असेल तर नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. इथे एक फसगत होते, कामठी तालुक्याचं गाव म्हणून लोकं ग्रामीणला जातात पण जुनी आणि नवी कामठी ही ठाणी शहर आयुक्तालयात येतात, मग परत चक्कर. आधी आपलं ठाणं कोणत्या हद्दीत आहे ते पाहून घ्या.

शाळेत घ्यायचं असेल तर मुख्याध्यापकांना सखी सावित्री समितीबद्दल विचारा. २०२२ च्या शासन निर्णयानं मुला-मुलींच्या सुरक्षेसाठीची ही समिती प्रत्येक शाळेत असायला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी ती फळ्यावर नावं लिहून ठेवण्यापुरतीच आहे, तर तिच्याच नावानं कार्यक्रम मागा, मुख्याध्यापकांना पण बरं वाटते कारण त्यांची पण नोंद होते. गावात असेल तर ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते ती गाठा. मोठ्या ग्रामसभेत नालीचा विषय निघाला की बाकी सगळं बुडते. आशाताई, अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील या तिघांना आधीच भेटा. कोणाची पोरगी दिवाळीपासून घरी नाही आली हे त्यांना माहीत असते, आपल्याला नसते.

वेळ आणि जागा

हॉल नको. नागपूरच्या वस्त्यांमध्ये बुद्ध विहार आहे, समाज मंदिर आहे, बचत गटाची मीटिंग आहे, तिथे बाया असतातच. वेळ संध्याकाळी साडेसातनंतर किंवा रविवारी सकाळी. माणसं पण आली पाहिजेत, फक्त बायांना सांगून अर्धंच काम होते कारण "पाठवून दे तिला" हा निर्णय बहुतेक घरात बापच घेते. वीटभट्टीवर जाणार असाल तर मराठी सोडा, हिंदीत बोला, आणि छत्तीसगडी किंवा गोंडी येणारं कोणी सोबत असेल तर सोन्याहून पिवळं. भट्टीमालकाला सांगून गेलात तर तो बाजूलाच खुर्ची टाकून बसेल आणि मग कोणी तोंड उघडणार नाही, म्हणून भट्टीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच गाठलेलं बरं.

आणि एक आयडिया, ज्यांना जमेल त्यांनी करा. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते, बडगे म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे निघतात, दरवर्षी महागाईचा, भ्रष्टाचाराचा बडग्या असतोच. मंडळाच्या पोट्ट्यांना म्हणा की यावेळी खोट्या प्लेसमेंटवाल्याचा बडग्या करा, हातात पोरींचे आधार कार्ड आणि गळ्यात "परदेशात नोकरी" ची पाटी. जितकी गर्दी ते पाहील तितकी शिबिराला जन्मात येणार नाही.

काय सांगायचं

इथे जास्त वेळ द्या. लोकांच्या डोक्यात तस्करी म्हणजे काळ्या काचांची व्हॅन, तोंडावर रुमाल, पोतं. म्हणून त्यांना वाटते आपल्या घरी असं काही नाही. तुम्ही त्यांना सांगायचं की बरेचदा ओळखीचाच माणूस येते, मावशीच्या गावचा, आधी कोणाला तरी काम लावून दिलेला, आणि तो ओढून नेत नाही, ऑफर देते. ऑफर तीन प्रकारची असते, काम, लग्न, आणि परदेश.

कामाची ऑफर आली तर घरच्यांनी काय करायचं हे करूनच दाखवा, नुसतं सांगू नका. दोन बायांना उभं करा, एक एजंट, एक आई. आईनं विचारायचं: मालकाचं नाव काय, पूर्ण पत्ता काय, मालकाशी आत्ता माझ्यासमोर फोनवर बोलून दे, तुझं आधार कार्ड दे मी फोटो काढते, गाडीनं नेणार का ट्रेननं, गाडीचा नंबर काय, तिकीट दाखव. खरा माणूस फार तर वैतागेल, पण सांगेल. खोटा माणूस घाई करेल, "सीट जाईल, उद्याच निघायचंय", "कोणाला सांगू नका नाहीतर बाकीचे पण मागे लागतील". ही घाई आणि गुपचूपपणा दिसला की थांबायचं, एवढं जरी लोकांच्या ध्यानात राहिलं तरी कार्यक्रम वसूल. पोरगी जातच असेल तर तिला घरचा एक मोबाईल नंबर पाठ पाहिजे, मोबाईलमध्ये सेव्ह असून फायदा नाही कारण पहिल्यांदा मोबाईलच काढून घेतात. एक कोडचा शब्द ठरवून ठेवा, फोनवर "आजीची तब्येत कशी आहे" म्हटलं की समजायचं गडबड आहे.

लग्नाच्या ऑफरमध्ये हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च आम्हीच करतो, वर तुम्हालाच पैसे देतो, आणि नवरा दुसऱ्या राज्यातला, त्याची भाषा पण येत नाही. गरिबाच्या घरी हे देव पावल्यासारखं वाटते. इथे सरळ बोला, पैसे घेऊन पोरगी दिली की तिच्याकडे सून म्हणून कोणी पाहत नाही, विकत घेतलेली म्हणूनच वागवतात. निदान मुलाच्या गावी घरातलं कोणी जाऊन आलं पाहिजे, ग्रामपंचायतीत विचारलं पाहिजे, आणि लग्नाची नोंदणी. वय अठराच्या खाली असेल तर विषयच संपला.

परदेशाची ऑफर पोरांसाठी असते आणि यात शिकलेले जास्त फसतात, इंजिनिअरिंग झालेले, कॉम्प्युटर येणारे. टेलिग्रामवर इंटरव्ह्यू, थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार ऐकून डोळे पांढरे. मग बँकॉकला उतरल्यावर गाडीनं सीमेपलीकडे म्यानमारला, किंवा कंबोडिया, लाओस, पासपोर्ट जमा, आणि दिवसभर लोकांना ऑनलाईन फसवायचं काम, नाही केलं तर मार. कॉलेजमध्ये हे सांगा. तपासायचं काय, तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, आणि टुरिस्ट व्हिसावर कामाला नेऊन राहिला का. टुरिस्ट व्हिसा म्हटला की तिथेच नाही म्हणायचं. नोंदणीकृत एजंटला पण ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्यावर फी घेता येत नाही, दोन-तीन लाख मागणारा कोण आहे ते समजून घ्या.

आपल्या विदर्भात उचलीचा विषय सोडून चालणार नाही. वीटभट्टी असो की गडचिरोली-चंद्रपूरकडून तेलंगणात मिरची तोडायला जाणारे मजूर, ठेकेदार आधी उचल देते आणि मग "पैसे फिटल्याशिवाय जायचं नाही". वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे, अशी उचल फेडायची जबाबदारीच कायदा रद्द करते, आणि तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे होते. हे सांगितल्यावर लोकं विश्वासच ठेवत नाहीत, दोनदा सांगावं लागते.

मग शेवटी कायद्याची शिक्षा, पण थोडक्यात, कलमांची माळ लावू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तस्करीचं कलम १४३. एका माणसाची तस्करी केली तर सात ते दहा वर्षं, लहान मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, आणि पोलीस किंवा सरकारी माणूसच सामील निघाला तर मरेपर्यंत जन्मठेप. भीक मागायला लावणं पण याच्यात आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या कलमात लिहिलंय की पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती याला अर्थ नाही. आपल्याकडे पहिलं वाक्य हेच ऐकू येते, "ती तर आपल्या मर्जीनं गेली". फसवून घेतलेल्या मर्जीला कायदा मर्जी मानत नाही, हे ठाण्यात गेल्यावर बापाला बोलता आलं पाहिजे.

हरवल्याची तक्रार: चोवीस तास थांबा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मूल हरवलं तर गुन्हा नोंदवून अपहरण किंवा तस्करी आहे असंच गृहीत धरून तपास करायचा हा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे. हद्द आमची नाही हे पण चालत नाही, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. चार महिन्यात मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी पथकाकडे जातो, घरच्यांनी तारीख लिहून ठेवावी आणि चार महिने झाले की स्वतः जाऊन विचारावं.

नंबर एवढेच द्या: १०९८ मुलांसाठी, ११२ पोलीस, १८१ बायांसाठी, १३९ रेल्वेत, १५१०० फुकट वकिलासाठी. याच्यावर नंबर दिले की एकही लक्षात राहत नाही.

काय सांगायचं नाही

मुलं पळवणारी टोळी आली वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही स्टेजवरून बोलायचं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना लोकांनी मारून टाकलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. तुमच्या जनजागृतीतून उद्या कोणी फिरस्त्या माणसाला धरून मारलं तर? म्हणून कोणत्याही जातीचं, समाजाचं, फेरीवाल्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि संशय आला तर फोन करायचा, हात लावायचा नाही, हे स्पष्ट शब्दात सांगायचं.

दुसरं, गंगाजमुनासारख्या देहविक्री चालणाऱ्या भागात काम करायचं असेल तर तिथल्या बायांना "वाचवायला आलो" या थाटात जाऊ नका. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं हे काम करत असेल तर पोलिसांनी तिला त्रास द्यायचा नाही असं सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये सांगितलंय. अल्पवयीन पोरगी किंवा डांबून ठेवलेली बाई, हा वेगळा विषय आहे. तिथे आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंसोबत जा, नवीन आणलेली कोण आहे हे पहिले तिथल्याच बायांना कळते.

कार्यक्रमातच कोणी काही सांगितलं तर

होते असं. शाळेत तर नक्की होते, सगळे गेल्यावर एखादी पोरगी दप्तर आवरत मागे राहते. तिला वर्गासमोर बोलायला लावायचं नाही. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही, पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला जास्त. तिला म्हणा, "जे लोक मदत करू शकतात फक्त त्यांनाच सांगेन." तपास आपण करायचा नाही, कधी, कुठे, किती वेळा असे प्रश्न नाही, ती जेवढं बोलली तेवढंच तिच्या शब्दात लिहून १०९८ ला फोन, पुढे बाल कल्याण समिती आहे. नाव आणि फोटो ग्रुपवर गेला तर तो वेगळा गुन्हा होतो. कार्यक्रमाचा फोटो काढायचाच असेल तर मागून काढा, चेहरे नको.

पोस्टर

कॅलिफोर्नियासारखा सूचना लावायचा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून लोकांनाच गळ घालावी लागते. गणेशपेठ बसस्टँड, इतवारी, अजनी, मेन स्टेशन, ऑटो स्टँड. रेल्वे हद्दीत परवानगीशिवाय चिकटवू नका, आरपीएफच्या ठाण्यात जाऊन बोला, मुलांसाठी त्यांचं नन्हे फरिश्ते आणि तस्करीसाठी ऑपरेशन आहट चालू असते, ते ऐकून घेतात. पोस्टर हिंदीत पण पाहिजे. आणि सगळ्यात चांगली जागा माहीत आहे का, बायांच्या बाथरूमच्या दरवाज्याची आतली बाजू, कारण सोबत आणणारा माणूस तेवढ्या जागेतच सोबत नसतो. पोस्टरवर साखळदंड, रडणारी पोरगी वगैरे चित्रं नको, नंबर मोठा आणि एक वाक्य, बस.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर

महिनाभर वाट पाहून एकदा स्मरणपत्र, त्याला पण उत्तर नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विचारा की मागच्या आर्थिक वर्षात कलम १०८ आणि कलम ४३ खाली नागपूर जिल्ह्यात जनजागृतीचे किती कार्यक्रम घेतले, कोणत्या ठिकाणी, किती खर्च झाला. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागते, म्हणून पुराण लावू नका. तीस दिवसात उत्तर द्यावंच लागते. बरेचदा उत्तराच्या आधी कार्यक्रमाची तारीखच मिळून जाते, तेव्हा बचत गटाच्या बायांना आधीच विचारून ठेवा की कोणता रविवार मोकळा आहे.